ओळखी भरपूर, पण कामे तीच ती: एसी दुरुस्तीच्या धंद्यात आधी हुन्नर की संपर्क?

पेडणे_कूलिंग

नमस्कार मंडळी. पेडण्यात एसी-फ्रीज दुरुस्तीचे दुकान आहे. माणसे दोन, स्कूटर एक, शिक्षण आयटीआय. मार्च ते मे दिवसाला पाच-सहा कॉल असतात. पाऊस लागला की आठवड्याला तेवढे मिळाले तरी पुष्कळ. ओळखींची कमी नाही. वाड्यावरचे लोक, देवस्थान समिती, भजनी मंडळ, सासुरवाडीची माणसे, सगळे हक्काने बोलावतात. पण घरे तीच, सर्व्हिसचा दर तोच ५०० रुपये, आणि पैसे "चवथीनंतर बघूया". आज उधारी ८५,००० आहे, त्यातली ६०,००० दोन हॉटेलांकडे.

मांद्रे, मोरजी, शिवोली, आसगाव भागात व्हिला उठताहेत, मोपा विमानतळ सुरू झाल्यापासून तर जास्तच. तिथली कामे मात्र म्हापशाची किंवा बाहेरची माणसे नेतात. ७०,००० रुपये बाजूला ठेवले आहेत. ते इन्व्हर्टर एसीच्या प्रशिक्षणावर नि हत्यारांवर घालावेत, की जाहिरात, व्यापारी संघटना आणि ओळखी वाढवण्यावर? लहान धंद्याची नाडी ज्यांना कळते त्यांनी सांगावे.

वहीखाते

दादा, पैसे घालण्याआधी एक संध्याकाळ घाला. गेल्या ६० कामांची यादी काढा आणि चार रकाने आखा: ग्राहक कुठल्या गावचा, तुमचा नंबर त्याला कोणी दिला, बिल किती झाले, पैसे किती दिवसांनी आले. दुसरा रकाना भरताना फोनमधले जुने मेसेज उघडा, आठवणीवर जाऊ नका. तिथे "ओळखीने" असे मोघम लिहू नका, माणसाचे नाव लिहा. बहुधा ६० कामांच्या मागे सात-आठच माणसे निघतील, आणि ती एकमेकांना रोज भेटणारी असतील. तुमची अडचण तिथे आहे. भजनी मंडळातल्या वीस जणांकडे मिळून बातमी एकच असते. कोणाचा एसी बिघडला हे एकाला कळले की सगळ्यांना कळते, पण आसगावच्या व्हिलात काय चालले आहे हे त्या विसांपैकी कोणालाच ठाऊक नसते.

मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली बोस्टनच्या एका उपनगरातल्या, नुकती नोकरी बदललेल्या लोकांवरून हेच दाखवले होते. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी जेमतेम १७ टक्क्यांना ती वारंवार भेटणाऱ्या माणसाने सुचवली होती. बाकीच्यांची ती ओळख अधूनमधून किंवा क्वचितच भेटणारी. लांबची ओळख दुसऱ्या वर्तुळातली बातमी आणते, म्हणून ती कामाची. धंद्यालाही हे तितकेच लागू पडते.

म्हणून "ओळखी वाढवायच्या" असे म्हणू नका, कुठल्या वाढवायच्या ते ठरवा. व्हिलाचा मालक दिल्ली-मुंबई-बंगळूरला असतो, तो मेकॅनिक शोधत नाही. शोधतो तो केअरटेकर, नाहीतर पाच-दहा व्हिला सांभाळणारा मॅनेजर. त्यांच्या आजूबाजूला पोहण्याचा तलाव साफ करणारा, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, माळी, इंटिरिअरचा ठेकेदार असतो. या लोकांना एसीवाला रोज विचारला जातो आणि त्यांचा स्वतःचा त्यात धंदा नसतो. असे सहा जण गाठा. प्रत्येकाला फक्त एक गोष्ट सांगा: "फोन आला की दोन तासांत उत्तर देईन, आणि काम झाल्यावर फोटो पाठवीन." घाऊक कार्डे वाटण्यापेक्षा हे सहा फोन जास्त काम आणतात, कारण केअरटेकरला मालकापुढे आपली चामडी वाचवायची असते. फोटो आला की तो निर्धास्त होतो.

गावची वर्तुळे मोडू नका मात्र. अडीअडचणीला हातउसने पैसे, भरवशाचा हेल्पर, दुकानाच्या भाड्यात सवलत, जामीन राहायला माणूस, हे सगळे तिथूनच येते. फक्त त्यांच्याकडून नव्या गिऱ्हाइकाची अपेक्षा ठेवू नका.

फ्लेअरनट

वरचे पटले, पण अर्धेच. केअरटेकरने एकदा बोलावले आणि महिन्याभरात एसी पुन्हा गरम हवा फेकायला लागला, तर तो सहा जणांना सांगेल, आणि जितक्या वेगाने नाव चढले त्याच्या दुप्पट वेगाने उतरेल. ओळख पसरवणारी वाट बदनामीही पसरवते. म्हणून हुन्नराचे नेमके सांगतो. आर-३२ गॅसचे इन्व्हर्टर मशीन जुन्या आर-२२ गॅसच्या सवयीने हाताळता येत नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे गळती न शोधता गॅस भरणे. सीलबंद यंत्रणेतून गॅस "संपत" नाही, तो कुठूनतरी जातो. दहातल्या बऱ्याच वेळा फ्लेअरच्या, म्हणजे नळीचे तोंड पसरवून नटाने आवळलेल्या, जोडातून जातो, कारण नट अंदाजाने आवळलेला असतो. पाव इंची नटाला सुमारे १४ ते १८ न्यूटन-मीटर पुरतात. हाताला जोर आला की फ्लेअरची कड पातळ होऊन चिरते आणि चार आठवड्यांनी गळू लागते. टॉर्क पाना घ्या. फ्लेअर करण्याआधी नळीच्या कडेचा बर (कापताना राहिलेली धारदार कड) काढा आणि बर काढताना नळीचे तोंड खाली धरा, नाहीतर तांब्याचा कीस आत जाऊन बसतो.

मग कोरड्या नायट्रोजनने कंपनीच्या पुस्तिकेतल्या दाबापर्यंत दाब द्या, साबणाचे पाणी लावा, अर्धा तास काटा बघा. ऑक्सिजनने दाबचाचणी कधीच करू नका, तेलाशी मिळून स्फोट होतो. दाब सोडा, मग व्हॅक्युम, म्हणजे आतली हवा नि ओलावा पंपाने ओढून काढणे. "पंधरा मिनिटे पंप चालवला" हे माप नव्हे. मायक्रॉन गेज (आत किती निर्वात झाले ते मोजणारे मीटर) लावा, ५०० मायक्रॉनच्या खाली न्या, पंप बंद करून दहा मिनिटे थांबा. आकडा थोडा चढून स्थिरावला तर आत ओलावा आहे, चढतच राहिला तर गळती आहे. पावसाळ्यात आपल्याकडची हवा किती दमट असते ते तुम्हाला सांगायला नको. या मशीनमधले तेल ओलावा शोषून घेते, त्यातून आम्ल तयार होते, आणि कॉम्प्रेसर वर्षभराने जळतो. दोष मात्र "व्होल्टेज"वर जातो.

गॅस वजनकाट्यावर भरा. किती ग्रॅम ते आउटडोअरच्या (बाहेरच्या युनिटच्या) पाटीवर छापलेले असते. लाइन लांब असेल तर जास्तीच्या प्रत्येक मीटरमागे किती वाढवायचा ते पुस्तिकेत मिळते. आर-३२ मंद ज्वलनशील आहे. ब्रेझिंगआधी (नळ्या तापवून जोडण्याआधी) तो काढून घ्या, नळीतून नायट्रोजन सोडत ठेवा, खोलीचे दार-खिडकी उघडी असू दे.

मोरजी-मांद्रे-हरमल पट्ट्याचे खास म्हणजे खारा वारा. तांब्याची नळी आणि अ‍ॅल्युमिनियमच्या फिन्स (पातळ पट्ट्या) यांच्यामध्ये मीठ आणि ओलावा आला की अ‍ॅल्युमिनियम आधी झिजते. बोट लावले की भुगा हातात येतो. समुद्राकडे तोंड केलेला आउटडोअर शक्य तिथे भिंतीच्या आडोशाला घ्या. महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने, कमी दाबाने, फिन्सच्या दिशेने धुवा. आम्लाचे क्लीनर अजिबात वापरू नका, कॉइल चकाचक दिसते आणि पुढच्या मोसमात चाळण होते. पीसीबीच्या (इलेक्ट्रॉनिक बोर्डाच्या) डब्याला पालीने आत जाण्याइतकी फट राहते का तेही बघा. पाल चिकटून बोर्ड जळण्याचे प्रमाण आपल्याकडे कमी नाही.

आता दराचे. दोन माणसांची दिवसाची मजुरी १,६०० धरा, पेट्रोल २००, साबण-कापड-टेप-क्लीनर ३००, हत्यारांची झीज नि फोन २००. झाले २,३००. दिवसाला पाच सर्व्हिसी केल्या तर एका एसीमागे खर्च ४६०. तुम्ही घेता ५००. म्हणजे दिवसाला २०० उरतात. एका ठिकाणी पुन्हा फुकट जावे लागले आणि अर्धा दिवस मोडला तर मजुरीचे ८०० आणि पेट्रोलचे २०० गेले, पाच दिवसांची कमाई संपली. त्यामुळे परतफेरी टाळणारे हत्यार हीच तुमची जाहिरात समजा. आणि ५०० हा दर नव्या वर्तुळात नेऊच नका. तिथे फोटो, मोजलेले गॅसच्या दाबाचे नि विजेच्या प्रवाहाचे आकडे आणि लेखी हमी यांसह वेगळा दर सांगा.

उद्यम_पंचेचाळीस

हॉटेलांच्या ६०,००० वर कोणी बोलले नाही म्हणून लिहितो. तिथे तुमचे हुन्नरही आहे नि ओळखही, पण कागद नाही.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, आधी करा. आधार आणि पॅनवर ऑनलाइन होते, सरकारी शुल्क शून्य आहे, कोणी "भरून देतो" म्हणून पैसे मागितले तर देऊ नका. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठीचा कायदा २००६ चा आहे. त्यात सेवाही येते. बिलाचे पैसे देण्याची मुदत अशी: लेखी करार असेल तर ठरलेली मुदत, पण जास्तीत जास्त ४५ दिवस. करारच नसेल तर काम स्वीकारल्यापासून १५ दिवस. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, महिन्याला चक्रवाढ व्याज लागते. वसुलीसाठी सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर अर्ज केला की तो अशा तक्रारी सोडवणाऱ्या राज्याच्या परिषदेकडे जातो. नोंदणी काम करण्याआधीची असावी, म्हणून पुढच्या कामाची वाट न बघता आजच करून टाका. जुन्या बाकीसाठी आधी बाकीच्या कबुलीचे पत्र द्या: बिल क्रमांक, तारीख, रक्कम, आणि खाली हॉटेलच्या माणसाची सही-शिक्का. "एवढी रक्कम येणे बरोबर आहे" ही एक ओळ सहीसकट मिळाली की अर्धे भांडण मिटते.

हॉटेलच्या अकाउंटंटशी नाते मॅनेजरइतकेच महत्त्वाचे आहे. मुदतीपलीकडे थकवलेले सूक्ष्म-लघु उद्योगाचे बिल आयकरात त्या वर्षीचा खर्च म्हणून धरता येत नाही, पैसे दिले त्या वर्षीच धरता येते. अकाउंटंटला हे पक्के माहीत असते. फेब्रुवारीच्या शेवटी, उद्यम क्रमांक छापलेले बिल त्याच्या हातात देऊन नम्रपणे आठवण करा. मार्च संपण्याआधी बरीच बिले याच कारणाने सुटतात. ओरडा करून मॅनेजर दुखावण्यापेक्षा हा रस्ता सरळ आहे आणि नातेही टिकते.

बिलातून १ टक्का टीडीएस कापला गेला तर तो बुडाला असे समजू नका, रिटर्न भरून परत मिळतो. जीएसटीचे बघाल तर दुरुस्ती ही सेवा धरली जाते, त्यामुळे वर्षाच्या २० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी सक्तीची नाही. ४० लाखांची मर्यादा फक्त माल विकणाऱ्याला आहे. सुटे भाग विकता एवढ्यावरून ती तुम्हाला लागू होत नाही, इथे बरेच जण फसतात.

गावातल्या उधारीला कायदा चालणार नाही, आणि चालवूही नये. तिथे एकच करा: सुट्या भागाचे पैसे आधी, मजुरी नंतर. "कॅपॅसिटर आणायला पैसे द्या" म्हटल्यावर नातेवाईक रागावत नाही. तुमच्या खिशातला माल तरी अडकत नाही.

फोंड्याची_ताई

सगळ्यांनी चांगले लिहिले आहे. दोन गोष्टी राहिल्या असे वाटते.

पहिली: दुसरे मेकॅनिक. त्यांना तुम्ही स्पर्धक म्हणून मोजता, पण एप्रिलमध्ये सगळ्यांकडे काम ओसंडून वाहते आणि जुलैत सगळे रिकामे असतात. चीनमध्ये नानचांग शहरात २,८२० लहान कंपन्यांवर एक प्रयोग झाला होता. त्यातल्या काहींचे दहा-दहा मालकांचे गट करून वर्षभर दर महिन्याला बसवले. गटात बसलेल्यांची विक्री बाकीच्यांपेक्षा सुमारे ८ टक्क्यांनी वाढली. नवे पुरवठादार, कर्जाची माहिती, कारभाराच्या पद्धती, सगळे त्या बैठकांतून फिरले. आणि ज्यांच्या गटात मोठ्या धंद्याचे मालक होते त्यांना जास्त फायदा झाला. म्हणजे सगळे आपल्याएवढेच लहान जमवू नयेत, एखादा म्हापशाचा मोठा डीलर किंवा ठेकेदार गटात असावा.

पेडणे, म्हापसा, डिचोली आणि पलीकडच्या दोडामार्ग-सावंतवाडीचे मिळून पाच-सहा जण धरा. गॅस काढून घेण्याचे यंत्र, नायट्रोजनचा सिलिंडर, मायक्रॉन गेज ही रोज न लागणारी हत्यारे वर्गणीत घ्या. पण नियम पहिल्याच दिवशी कागदावर लिहा, नाहीतर चवथीआधीच गट फुटतो. काम ज्याच्या गिऱ्हाइकाचे, पुढचा फोनही त्यालाच. दुसऱ्याच्या जागी कामाला गेलेल्या मेकॅनिकने स्वतःचा नंबर द्यायचा नाही. हत्यार नेणाऱ्याने वहीत सही करायची, मोडले तर त्याने भरायचे. दर पाडायचे नाहीत असा नियम मात्र करू नका, तो पाळला जात नाही आणि कायद्यालाही धरून नाही.

दुसरी: फोन कोण उचलतो. तुम्ही शिडीवर असता, हात ओले, फोन वाजून बंद पडतो, आणि केअरटेकर पुढचा नंबर लावतो. घरातले कोणी, बहुतेक ठिकाणी बायको, फोन आणि वही सांभाळत असेल तर ती धंद्यातली अर्धी भागीदार आहे. तिला तसे वागवा आणि तिलाही शिकवा. फोनवर चार प्रश्न विचारायचे: आउटडोअरचा पंखा फिरतो का, डिस्प्लेवर काही आकडा येतो का, पाणी आत गळते का, मशीन किती वर्षांचे. एवढ्यावर कुठला भाग घेऊन जायचा ते निम्म्या वेळा कळते आणि एक फेरी वाचते. अहमदाबादला सेवा बँकेच्या (महिलांच्या सहकारी बँकेच्या) महिला ग्राहकांवर एक प्रयोग झाला होता, दोन दिवसांच्या धंदा-प्रशिक्षणाचा. ज्यांना मैत्रिणीला सोबत आणायला सांगितले होते त्यांनी पुढे जास्त कर्ज उचलून ते धंद्यात घातले, कामही वाढवले. एकट्याने आलेल्यांत तो फरक दिसला नाही. शिकलेले घरी आल्यावर दोघींनी मिळून बोलले तर टिकते, हे मला त्यातून फार पटते. म्हणून इन्व्हर्टरच्या प्रशिक्षणाला हेल्परलाही न्या. एकटे शिकून आलात तर तो जुन्याच पद्धतीने नट आवळत राहील.

व्यापारी संघटनेची वर्गणी भरा जरूर, पण सभेला जाऊन मागे बसून चहा पिऊन येणार असाल तर नको. तिथे एखादे काम अंगावर घ्या, पावसाळ्यात बाजारपेठेतल्या वीजजोडण्यांची तपासणी असो की आणखी काही. लोकांना तुमचे काम दिसायला हवे.

पेडणे_कूलिंग

मनापासून आभार. वहीखाते यांनी सांगितली ती यादी काल रात्री बसून काढली. ६० पैकी ४७ कामांच्या मागे नऊ नावे आहेत आणि नऊच्या नऊ पेडण्यातली. ७०,००० ची वाटणी कशी करावी हे कोणी सांगेल का? आणि पावसाळ्याचे काय? केअरटेकर कमिशन मागतात असे ऐकतो, त्याचे काय करावे?

फ्लेअरनट

साधारण ४०,००० हत्यारांना: टॉर्क पाना, चांगला फ्लेअरिंग संच, वजनकाटा, दोन टप्प्यांचा व्हॅक्युम पंप, क्लॅम्प मीटर. मायक्रॉन गेज आणि नायट्रोजन ताई म्हणतात तसे वर्गणीत. १०,००० दोघांच्या प्रशिक्षणाला, प्रवासासकट. यंत्रे बनवणाऱ्या कंपन्यांची प्रशिक्षणे डीलरमार्फत स्वस्तात, कधी फुकटही होतात. म्हापशाच्या सुट्या भागांच्या दुकानात विचारा. त्या दुकानदाराशी बोलणे वाढवा, जिल्ह्यात कोणाचे काय बिघडले ते त्याच्या गल्ल्यावर कळते. ५,००० छापील जॉबकार्ड, बिलबुक आणि गुगल नकाशावरच्या नोंदीसाठीच्या फोटोंना. नोंद फुकट असते, पण दुकानाची वेळ आणि नंबर बरोबर हवा. उरलेले १५,००० हात लावू नका, सप्टेंबरमध्ये एकदम आलेल्या कामाला सुटे भाग भरायला लागतील.

पावसाळा वार्षिक करारात विका. बंद व्हिलात जून ते सप्टेंबर बुरशी हाच मोठा शत्रू असतो. गाद्या, कपाटे, भिंती, सगळ्याला वास धरतो. करार चार फेऱ्यांचा करा: मेअखेर कॉइल धुऊन ड्रेन मोकळा करणे, जुलैत घर उघडून प्रत्येक एसी दोन तास ड्राय मोडवर चालवणे आणि मोजलेले आकडे लिहिणे, सप्टेंबरअखेर मोसमाआधीची पूर्ण सर्व्हिस, जानेवारीत आउटडोअरचे मीठ धुणे. पैसे दोन हप्त्यांत, मेमध्ये आणि सप्टेंबरमध्ये, दोन्ही आगाऊ. गॅस आणि सुटे भाग कराराबाहेर ठेवा आणि तसे ठळक लिहा. "सर्व समावेशक" करार लहान दुकानाला बुडवतो. एक पीसीबी गेला की चार करारांचे पैसे जातात.

वहीखाते

कमिशनचे सांगतो. बिलात दाखवता येणार नाही असे काही देऊ नका. आज ५०० दिले तर उद्या दुसरा ७०० देईल आणि काम जाईल, शिवाय मालकाला कळले तर दोघेही बाहेर. केअरटेकरला त्याच्या गरजेचे द्या: रविवारी संध्याकाळी पाहुणे असताना उचललेला फोन, मालकाला पुढे पाठवता येईल असा व्यवस्थित लिहिलेला मेसेज, त्याच्या स्वतःच्या घरच्या फ्रीजची वर्षातून एकदा तपासणी. ती शेवटची गोष्ट बिलात "मोफत" म्हणून लिहून द्या.

मेसेज असा असू दे: "मास्टर बेडरूम, दीड टनी. आल्यावर थंड हवा १९ अंश, जाताना ११. ड्रेनमध्ये शेवाळ होते, काढले. आउटडोअरच्या खालच्या फिन्स झिजल्या आहेत, या मोसमात चालेल, पुढच्या मेमध्ये बघावे लागेल. फोटो तीन." दिल्लीतला मालक हा जसाच्या तसा शेजारच्या व्हिलाच्या मालकाला पाठवतो. यादीतल्या दुसऱ्या रकान्यात पेडण्याबाहेरचे पहिले नाव आले की इथे कळवा, पुढच्या वीस कामांचे रकाने मिळून बघू.